कुत्र्याचे इमान आणि आपले

मराठी मुलाला शाळेत जे वाङ्मयप्रकार हाताळावे लागतात, त्यांत 'माझा आवडता प्राणी' या निबंधाचे स्थान फार वरचे आहे. कविता एखादा चुकवील, नाटकात काम न करता सुटेल. पण या निबंधातून आजवर कोणी सुटलेला नाही. आमच्या तळोद्यासारख्या गावात, सातपुड्याच्या पायथ्याशी, ज्या मुलांच्या अंगणात बकऱ्या, कोंबड्या आणि बैल प्रत्यक्ष नांदतात, त्यांच्याही वहीत आवडता प्राणी म्हणून बहुतेक वेळा कुत्राच येऊन बसतो. आणि तो येतो तो ठरलेल्या वाटेने येतो. कुत्रा इमानी असतो, तो घराची राखण करतो, तो चोराला ओळखतो, धनी दिसला की शेपटी हलवतो, खाल्ल्या अन्नाला जागतो. पान भरले की निबंध संपला.

हे निबंध मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे आणि शुद्धलेखनापलीकडे त्यांत मला नेहमी एकच उणीव दिसते. या निबंधात कुत्र्याची सगळी कर्तव्ये नोंदलेली असतात. धन्याचे एकही नसते. कुत्र्याने काय करावे याची यादी मुलाला तोंडपाठ असते, पण त्या कुत्र्याला पाणी कोण ठेवतो, त्याला सुई टोचून कोण आणतो, त्याने शेजारच्या पोराला चावा घेतला तर पुढे कोण उभा राहतो, याबद्दल निबंधात अवाक्षर नसते. हा मुलांचा दोष आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. मूल लिहिते ते आपण त्याला दिलेल्या वाङ्मयातून लिहिते. त्या निबंधात आमचे थोरांचे साहित्यच लहान होऊन उतरलेले असते. म्हणून यंदाच्या दिवाळीत, वाचकहो, फराळाचे ताट जवळ असताना, आपल्या साहित्यातल्या कुत्र्यांकडे आणि त्यांच्या धन्यांकडे जरा चिकित्सक नजरेने पाहावे असे मनात आले. विषय सणाला शोभणारा नाही, असे कोणी म्हणेल. पण आपली दिवाळी वसुबारसेला सुरू होते. म्हणजे पहिला दिवा जनावरापुढेच लागतो.

प्रारंभ महाभारतापासून करावा लागतो, कारण त्याला या बाबतीत तोड नाही. महाप्रस्थानाला निघालेल्या धर्मराजामागे चालत गेलेला कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. भाऊ पडले, द्रौपदी पडली, कुत्रा तेवढा राहिला. इंद्राचा रथ आला आणि कुत्र्याला स्वर्गात जागा नाही असे इंद्राने सांगितले. तेव्हा धर्मराजाने स्वर्ग नाकारला. कीर्तनकार ही कथा सांगताना गहिवरतात आणि मुलांच्या निबंधात ती 'कुत्र्याच्या इमानाचे उदाहरण' म्हणून येते. येथेच आपले वाचन चुकते. या प्रसंगात कुत्र्याच्या इमानाचा प्रश्नच नाही. ते सिद्ध होऊन चुकलेले आहे. प्रश्न आहे तो धर्मराजाच्या इमानाचा. आणि तो जो युक्तिवाद करतो त्यात लाडाचा, मायेचा, गोंडस डोळ्यांचा एक शब्द नाही. जो माझ्या आसऱ्याला आला त्याला सोडणे हे महापातक आहे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. हे प्रेमाचे बोलणे नव्हे, हे जबाबदारीचे बोलणे आहे. प्रेम नसते तरी धर्मराज तेच बोलला असता, असे मला वाटते. आणि म्हणूनच तो धर्मराज.

पण महाभारताच्या शेवटी जसा कुत्रा आहे तसा आरंभीही एक आहे, आणि त्याची आठवण मात्र फार थोड्यांना असते. आदिपर्वात जनमेजयाचे सत्र चालू असताना तेथे एक कुत्र्याचे पोर येते. जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. आता या आईने काय करावे? आपल्या गल्लीतला एखादा श्वानप्रेमी असता तर त्याने ताबडतोब बाह्या सरसावल्या असत्या. सरमा तसे करत नाही. ती आधी आपल्या पोरालाच विचारते की, तू काहीतरी आगळीक केली असशील, म्हणून तुला मारले असेल. पोर सांगते, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अशी खात्री करून घेतल्यावरच सरमा यज्ञमंडपात जाते आणि माझ्या निरपराध मुलाला का मारलेत, असे राजाच्या तोंडावर विचारते. तिला उत्तर मिळत नाही. तेव्हा ती शाप देते आणि पुढे राजाची पाचावर धारण बसते.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या इवल्याशा प्रसंगाचा हेवा वाटावा. किती थोड्या शब्दांत दोन्ही बाजूंचा न्याय झाला आहे! आपल्या जनावराची आधी झडती घ्यावी आणि मगच जगाशी भांडावे, हा पालकपणाचा पहिला नियम सरमेला ठाऊक होता. आज कोणाच्याही फाटकाशी उभे राहा. आत जर्मन शेफर्ड दात विचकत असतो आणि धनी व्हरांड्यातून सांगत असतो, 'या हो, तो काही करत नाही.' सरमेने हे वाक्य उच्चारले नसते.

पुढे संतचरित्रांकडे यावे तर तेथे नामदेवांचा कुत्रा भेटतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे कोरडी खाऊ नकोस म्हणत तुपाची वाटी घेऊन नामदेव धावले. या कथेची गोडी कमी करण्याचे धारिष्ट माझ्यात नाही. सर्वांभूती विठ्ठल पाहणाऱ्याला तसेच धावणे शोभते. परंतु कथेने आपल्यावर जो संस्कार केला तो मात्र अर्धाच उतरला आहे. आपण तुपाची वाटी तेवढी उचलली. शनिवारी-सोमवारी कुत्र्याला पोळी घालायची, पुण्य गाठीला बांधायचे आणि घरी यायचे. ज्या ठिकाणी रोज पोळ्या पडतात तेथे दहा कुत्री जमतात, त्यांची वीस होतात, शाळेला जाणारी पोरे त्याच वाटेने जातात, हा पुढचा अध्याय आपल्या कीर्तनात नाही. आमच्या कथा करुणेच्या क्षणाशी संपतात. क्षणानंतर दिवस येतो, वर्ष येते, पिल्लांची वेत येते; त्यांचे वर्णन करायला लेखक थांबलेला नसतो.

याला एक सुंदर अपवाद मला साने गुरुजींत सापडतो. गुरुजी आमच्या खानदेशचे मास्तर. अमळनेरला त्यांनी शिकवले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकात 'भूतदया' नावाची एक रात्र आहे. मुले पाखराचे पडलेले पिल्लू उचलून आणतात, त्याला भरवण्याची खटपट करतात, आणि ते पिल्लू वाचत नाही. गुरुजींच्या लेखनावर भाबडेपणाचा आरोप ठेवणाऱ्या टीकाकारांनी हे प्रकरण एकदा पुन्हा वाचावे. प्रकरणाचे नाव भूतदया आणि गोष्ट मात्र अशी, की माया पुरेशी झाली आणि पिल्लू गेले. हात जोडून केलेली माया आणि जाणून केलेली माया यांत अंतर असते, हे गुरुजींनी उपदेश न करता सांगून टाकले. मराठीत पाळीव प्राण्यांविषयी जे काही गंभीरपणे लिहिले गेले आहे त्यात या पानांचे स्थान मला फार वरचे वाटते.

बाकी आपल्याकडे पाळीव प्राणी आला तो हसवायला. पु. ल. देशपांड्यांच्या 'पाळीव प्राणी' या लेखाने मराठी घराघरांत जेवढा हशा पिकवला तेवढा क्वचितच कोणत्या लेखाने पिकवला असेल. पण पुलंच्या विनोदाचा रोख नीट पाहिला तर तो जनावरांवर नाहीच. तो त्यांना पाळणाऱ्या माणसांवर आहे. आपल्या जनावराचे कौतुक पाहुण्याने केलेच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या यजमानावर आहे. पाहुण्याच्या बाजूने लिहिलेला हा लेख आहे, आणि पाहुणा हा शेजाऱ्याचाच भाऊ. म्हणजे कायद्याला जो माणूस संरक्षण देऊ पाहतो, कुत्रा नसलेला माणूस, त्याची कैफियत मराठीत पहिल्यांदा इतक्या खणखणीतपणे विनोदी लेखकाने मांडली. आपण मात्र हसलो आणि कुत्र्याला पुन्हा मोकळे सोडले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ची जात अगदी निराळी. तिथली वानरे कोणाचीच नाहीत, त्यांना माणसाचे इमान नको आहे आणि लेखकही त्यांच्यावर लाड लादत नाही. जनावराला जनावर राहू देणारी ती कादंबरी आहे. पाळणाऱ्याने ती अवश्य वाचावी.

रायगडावरच्या वाघ्याचे काय, असे कोणी विचारील. शिवछत्रपतींच्या समाधीजवळ त्या इमानी कुत्र्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले. त्याच्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही, असा इतिहासाच्या बाजूने आक्षेप आहे. २०१२ साली पुतळा हलवला गेला आणि पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ साली तोच वाद नव्याने पेटला. त्या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे. मला मौज वाटते ती एवढीच, की दगडी कुत्र्यासाठी आपण मोर्चे काढू शकतो. त्याच गावात जिवंत कुत्र्यांना सुई टोचायला माणूस मिळत नाही.

आता शब्दांकडे वळतो, कारण मास्तराला शब्दांची खोड असते. नगरपरिषदांच्या जाहीर सूचनांत, वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात धनी नसलेल्या कुत्र्याला आपण तीन शब्द लावतो: भटका, बेवारस आणि मोकाट. तिन्ही एकाच अर्थाचे समजले जातात. ते तसे नाहीत. 'भटका' म्हटले की भटकणे हा त्या कुत्र्याचाच स्वभाव ठरतो, जणू घरदार सोडून तो हौसेने फिरायला निघाला आहे. 'बेवारस' म्हटले की त्याला मागेपुढे कोणी नाही एवढेच कळते. का नाही हे कळत नाही. 'मोकाट' या शब्दात मात्र सत्य दडलेले आहे. आपण 'मोकाट सुटला' म्हणतो तसेच 'मोकाट सोडला' असेही म्हणतो. आणि सोडला म्हटले की सोडणारा आलाच. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांत किती तरी कुत्री अशी असतात, की जी कोणाच्या तरी ओट्यावर जन्मली, कोणाच्या तरी मुलांनी चार महिने खेळवली आणि मादी निघाली म्हणून बाजाराच्या कडेला सोडून दिली गेली. सूचनेतला 'मोकाट' हा शब्द वाचून लोक कुत्र्याकडे पाहतात. त्या शब्दाच्या कर्त्याकडे कोणी पाहत नाही.

गुरांच्या बाबतीत आपली भाषा आणि आपला कायदा दोन्ही अधिक सरळ होते. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने गावोगाव कोंडवाडे आले. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले गुरू कोंडवाड्यात पडे. धन्याने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून ते सोडवावे. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलिसांना खबर, मग जाहीर नोटीस, आणि तरीही कोणी फिरकले नाही तर लिलाव. या व्यवस्थेत गरिबाची फार पिळवणूक झाली हेही खरे. पण तिचे व्याकरण चोख होते. गुरू चुकले की दंड धन्याला. या संस्थेचे नाव मराठी कवितेत अजरामर झाले ते दया पवारांमुळे. १९७४ साली त्यांचा 'कोंडवाडा' आला आणि माणसालाच कोंडून ठेवणाऱ्या समाजाचे ते नाव झाले. शासकीय कागदावरचा एक रुक्ष शब्द कवीने उचलावा आणि त्यातून सबंध समाजाची झडती घ्यावी, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. कुत्र्याच्या वाट्याला मात्र ना धड कोंडवाडा आला, ना कवी.

कुत्र्यांच्या कायद्याची आपल्या प्रांतातली कथा दंग्याने सुरू होते. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालू होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई कोणता कुत्रा रस्त्यावरचा आणि कोणता घरचा हे पाहीनासे झाले. घरांत शिरून पाळलेली कुत्रीही मारली गेली. पारशी समाजात कुत्र्याला धर्मविधीत स्थान. प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा त्यांचा संस्कार आहे. ६ जूनला दंगा उसळला, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली आणि शेवटी फौज आणावी लागली. इतिहासकार या दंग्याचा अर्थ निरनिराळ्या प्रकारे लावतात. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. घरचा कुत्रा आणि रस्त्यावरचा कुत्रा यांत फरक दाखवणारी खूण नव्हती. गळ्यात पट्टा नाही, नोंद नाही, बिल्ला नाही. मग आठ आणे मिळवणाऱ्याला सगळे कुत्रे सारखेच. नोंदणी आणि परवाना या गोष्टींना आपण सरकारी कटकट समजतो. १८३२ साली एखाद्या बिल्ल्याने किती तरी घरचे कुत्रे वाचवले असते.

कायद्याचे माझे ज्ञान मॅट्रिकच्या पलीकडचे नाही. परंतु कायदा हेही एक गद्य आहे आणि गद्य म्हणून त्याची परीक्षा करण्याचा अधिकार वाचकाला आहेच. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम मी त्या दृष्टीने वाचला. हा कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत प्रथम धडपडल्या त्या नृत्यकलेच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. कलावंताचा हात त्याला लागला आहे हे अकराव्या कलमात जाणवते. तेथे मारझोड, उपासमार हे गुन्हे तर आहेतच. पण अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर फार वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे, जनावराला वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हा आहे, संसर्गजन्य रोग झालेले आपले जनावर जाणूनबुजून रस्त्यात सोडणे हाही आहे. आणि एक पोटकलम तर वाचून मी थक्क झालो: नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हासुद्धा धन्याचा अपराध आहे! ज्या गावांत अंगणातल्या लोखंडी खांबाला बांधलेला कुत्रा जन्मभर तीन हातांच्या वर्तुळात फिरतो, त्या गावांत हे पोटकलम मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे. बैलाचे कष्ट आपल्याला दिसतात. खांबाच्या कुत्र्याचे रिकामपण दिसत नाही.

मात्र याच कायद्याच्या शेवटी लेखणी लटपटली आहे. पहिल्या अपराधाला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपये ही चीज होती. मास्तराला ते चटका लावून गेले असते. पुढे साठ वर्षे उलटली तरी आकडा तिथेच राहिला, आणि आज पन्नास रुपयांत कुत्र्याचा साधा पट्टाही येत नाही. कादंबरीत नायकाचे वचन मोठे आणि कृती क्षुल्लक असली म्हणजे वाचक त्याच्यावरचा विश्वास काढून घेतो. कायद्याच्या बाबतीतही तसेच होते. चावऱ्या जनावराबद्दल निष्काळजी राहणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे, तो निदान ऐकू येण्याजोगा आहे.

त्यानंतर कुत्र्यांचे नियम आले ते २००१ साली. मारणे बंद, पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा, हा त्यांचा गाभा. त्यांत कुत्र्यांचे दोन वर्ग केले, घरचे आणि रस्त्यावरचे. आणि घरच्यांच्या पैदाशीवरचा ताबा, लस, नसबंदी, परवाना हे सारे धन्याच्या माथी घातले. एका वाक्यात घातले. बाकीची पाने समित्या, पिंजरे, गाड्या आणि नोंदवह्या यांनी भरली. २०२३ साली हे नियम बदलून नवे आले आणि त्यांत रस्त्यावरच्या जनावराला एक नवे नाव मिळाले, ज्याचे मराठी 'समाजाचे प्राणी' असे करावे लागेल. नाव चांगल्या हेतूने दिले आहे यात शंका नाही. हाडतुड करण्यापेक्षा ते बरे. पण समाजाची विहीर, समाजाचा रस्ता आणि समाजाचे मंदिर यांची निगा आपण कशी राखतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला समाजाच्या कुत्र्याची काळजी वाटल्यावाचून राहणार नाही.

२०२५ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सबंध देश दोन तटांत उभा राहिला. ११ ऑगस्टला दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत असा आदेश झाला. २२ ऑगस्टला तिघा न्यायमूर्तींनी तो बदलला, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी सोडून बाकीची लस व नसबंदी करून परत सोडावीत असे सांगितले आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायला फर्मावले. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके अशा आवारांतील कुत्री हलवण्याचा आदेश आला. या सगळ्या काळात मी दोन्ही बाजूंचे लेख वाचत होतो. एका बाजूचे लेख वाचले की कुत्रा म्हणजे दत्तगुरूंच्या पायाशी बसलेला वेद वाटे. दुसऱ्या बाजूचे वाचले की रस्त्यावर लांडगे सुटले आहेत असे वाटे. घरच्या कुत्र्याची व्यालेली पिल्ले बाजारात सोडणारा धनी मात्र या वादात कोणाच्याच लेखात आला नाही. तो दोन्ही बाजूंचा वाचक होता, म्हणून असेल.

हा सगळा वाङ्मयाचा किंवा कायद्याचा खेळ वाटू नये, म्हणून येथे पिसाळण्याबद्दल चार शब्द लिहिणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात या रोगाने जे मरतात त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आपल्या देशातले, आणि बळींत पंधरा वर्षांखालच्या पोरांची संख्या मोठी. लक्षणे एकदा दिसली की वैद्यकाचे हात टेकतात. आणि त्याआधी उपाय केला तर मरण जवळजवळ निश्चितपणे टळते. इतका सरळ हिशेब दुसऱ्या कोणत्याही रोगात नसेल. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. आमच्या भागात अजूनही जखमेवर तिखट भरतात, चुना लावतात, भगताकडे नेतात. त्यामागे पोटातल्या चौदा सुयांची जुनी भीती आहे. ती भीती खरी होती. कसौलीला निघालेली, मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस फार यातना देई. पण तीही २००५ पर्यंत आपल्याकडे बंद झाली. आता सुई दंडात देतात आणि ती मोजकीच असते. चौदा सुयांची गोष्ट मात्र आजीकडून नातवाकडे चाललीच आहे, आणि पोर चावा लपवते. कुत्र्याने चावले हे पोर घरी सांगत नाही, कारण आधी ओरडा बसतो. एवढी एक चाल घराघरांतून गेली तरी पुष्कळ होईल. आणि घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यानंतर पहिली लस व पुढे दर वर्षी एक, यात धन्याचे एका फराळाच्या डब्याइतकेही पैसे जात नाहीत.

जाता जाता पोपटाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाहून पुष्कळ मुले पोपट घेऊन येतात. पिंजऱ्यातला मिठू हा आपल्या बालवाङ्मयाचा इतका लाडका आहे, की देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे सांगितले तर लोक माझ्याकडेच संशयाने पाहतात. शिक्षकाने वर्गात पोपटाची कविता शिकवावी आणि मधल्या सुट्टीत पिंजरा उघडायला सांगावे, अशी ही अवघड जागा आहे. विकत आणायच्या पिल्लांचेही नियम आहेत. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले कुत्र्याचे पिल्लू विकता येत नाही. पण आपल्याकडे डोळे नुकते उघडलेले पिल्लू पिशवीत घालून देतात आणि हौसेने घेणारे घेतात. हौस तर अशी, की बर्फात गाड्या ओढणाऱ्या जातीची कुत्री खानदेशच्या उन्हाळ्यात आणून बांधणारेही निघाले आहेत! ज्या उन्हात आमचे बैल धापा टाकतात तिथे त्या केसाळ जिवाचे काय होत असेल ते त्याचा धनी छायाचित्रात दाखवत नाही.

शेवटी आमच्या तळोद्यापुरती एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या वाचकाला कदाचित नवी वाटेल. येथे कुत्र्याचा प्रश्न रस्त्यावर संपत नाही, तो रानापर्यंत जातो. तळोद्याला मेवासी वनविभागाचे ठाणे आहे. वर सातपुडा, खाली तापीकडे उतरत गेलेली उसाची शेते, आणि त्या उसात बिबट्या. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा जो शास्त्रीय अभ्यास झाला त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला; शेळ्यामेंढ्यांचा त्याच्या पुष्कळ खाली. म्हणजे गावाच्या कडेला जितकी मोकाट कुत्री, तितके बिबट्याला आमंत्रण. त्या अकोल्याकडे आणि नाशिकच्या डोंगरांत आदिवासी बांधव वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस करतात आणि वाघदेवाला नैवेद्य देऊन आपल्या गुरांना सांभाळ म्हणतात. तो नैवेद्य मोजून-मापून दिलेला असतो, सीमेवर नेऊन ठेवलेला असतो. आम्ही कोंबडीच्या दुकानांमागे फेकतो तो नैवेद्य मात्र रोजचा आणि बेहिशेबी. त्यावर कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. मग वर्तमानपत्रात 'बिबट्याचा धुमाकूळ' असा मथळा येतो, ज्यात पुन्हा सगळा दोष क्रियापदाने जनावराच्या पदरात टाकलेला असतो.

दिवाळी सरली की ऊसतोड लागते. कोयता एका बाजूने फड कापत जातो तसतसा उसातला बिबट्या दुसऱ्या बाजूला सरकतो आणि शेवटी त्याला बाहेर पडावेच लागते. त्याच दिवसांत फडाच्या कडेला मजुरांच्या झोपड्या पडतात, त्यांची पोरे उघड्यावर निजतात. आणि पावसाळ्यानंतर गावातल्या कुत्र्यांची जी वेत झालेली असते, तिची पिल्ले कोणीतरी पोत्यात घालून, गावात नको म्हणून, नेमकी त्याच उसाच्या बांधावर नेऊन सोडतो.